फुलीचा बावटा

काही वर्षांपूर्वीचा जुलै. शनिवार, दुपारचे साडेतीन. उत्तर इंग्लंडातल्या ॲपलबीच्या फलाटावर मी इतर तीस-चाळीस जणांबरोबर उभी होते. तांबड्या विटांचं छोटंसं स्टेशन, कुंड्यांतून लोंबणारी फुलं, पलीकडे पेनाइन्स डोंगरांच्या हिरव्या-तपकिरी पाठी, वर ढग. कार्लाइलच्या बाजूने ती वाफेची गाडी आली तेव्हा आवाजाआधी पायाखालचा फलाट थरथरला. इंजिन पाणी घ्यायला थांबलं. एक माणूस टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, चढला, दुसऱ्याने पाण्याच्या खांबाचा सोंडेसारखा कातडी पाइप ओढून तोंडाशी दिला आणि पाण्याचा घोगरा आवाज सुरू झाला. कोळशाचा धूर, तापलेलं तेल आणि गरम लोखंडावर पाणी पडलं की येतो तो वास, तिन्ही एकदम नाकात शिरले. मी पुढे सरकत सरकत चाकांपाशी पोहोचले आणि मान वर केली. नावाची पाटी. मधोमध गोल, त्या गोलात मिन्याचा रंगीत झेंडा: पांढऱ्या जमिनीवर लाल तिरकी फुली. गोलाभोवती अक्षरं, ब्रिटिश इंडिया लाइन.

फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. जयगडला तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असणार, जेवणं व्हायची असणार. दोन मिनिटांत आत्याचा आवाजी निरोप आला. मागे कुठेतरी कुकरची शिटी. "अगो, हा तर बाबांचा फुलीचा बावटा! बोटीवरचा! तो गाडीवर कसा गो गेला? ही गाडी तिकडचीच काय?"

मी लिहिलं, नाही आत्या, ही खालची, दक्षिणेकडची. इथे उत्तरेत पाहुणी आहे.

लगेच दुसरा निरोप. "पाहुणी? मग हिला वाट कोण दाखवतो?"

मी हसण्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, रुळांवरून जाते ना, वाट कशाला दाखवायची! आत्याने काही उत्तर दिलं नाही. पाणी भरून झालं, शिट्टी झाली, बारा डब्यांची गाडी ॲज गिलच्या चढाला लागली. चढ संपेपर्यंत तिचा आवाज डोंगरातून येत राहिला आणि मी गाडीने लीड्सला परतले. पण ते उत्तर मनातून जाईना. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने नीट प्रश्न विचारावा आणि आपण तो हसण्यावारी न्यावा, याची बोच असतेच. हिची कारणं दोन होती. एक, उत्तर साफ चुकीचं होतं. दुसरं, ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं.

आजोबा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर खलाशी होते. डेकवरचे. मुंबईहून निघून कराची, मस्कत, बहारीन, कुवेत करत बसऱ्याला पोहोचणाऱ्या आखाती बोटी. मुंबई बंदरात त्या कंपनीला सगळे नुसतं 'बी. आय.' म्हणायचे. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे आणि डोलकाठीवर फडकणारा तो फुलीचा बावटा. मी आजोबांना पाहिलं ते पडवीत बसून दोऱ्यांच्या गाठी मारताना. त्यांच्या बोटींची नावं मला आत्याकडून मिळाली. आत्या सांगते, ते घरी आले की ओल्या मातीत काडीने तो बावटा काढून दाखवायचे. चौकोन, मागची बाजू माशाच्या शेपटीसारखी कापलेली, आत फुली. मुलं त्या चौकोनात उड्या मारायची. सत्तरेक वर्षांपूर्वी जयगडच्या मातीत उमटलेली ती फुली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरात, कोळशाच्या धुरात, मिन्याच्या पाटीवर मला भेटली. तिथे ती यायचं काहीच कारण नव्हतं. माझं तरी काय होतं, हा विचार त्या दुपारी आलाच.

ती तिथे कशी आली ते सांगितलंच पाहिजे. साउदर्न रेल्वेने युद्धकाळात आपल्या नव्या एक्स्प्रेस इंजिनांना अटलांटिकमध्ये जीव धोक्यात घालणाऱ्या व्यापारी जहाज कंपन्यांची नावं दिली. मर्चंट नेव्ही वर्ग, एकूण तीस इंजिनं, प्रत्येकावर त्या त्या कंपनीचा बावटा. ३५०१८ क्रमांकाची ही ब्रिटिश इंडिया लाइन १९४५ साली ईस्टलीच्या कारखान्यात तयार झाली. तिचं घर म्हणजे लंडनचं वॉटर्लू, सॉल्झबरी, एक्सेटर. सपाट नसला तरी ओळखीचा, उन्हाळी सुट्टीवर जाणाऱ्या माणसांचा मुलूख. १९५६ साली तिचं वरचं पत्र्याचं आवरण काढून आतली यंत्रणा नव्याने बसवली, सगळ्या वर्गात सर्वांत आधी. १९६४ साली ती कामावरून निघाली आणि वेल्सच्या बॅरीतल्या भंगारवाल्याच्या आवारात गंजत उभी राहिली. १९८० साली तिला तिथून सोडवून आणलं गेलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं काम चाललं आणि २०१७ साली ती पुन्हा वाफेवर आली. पण आली ती वॉटर्लूला नव्हे. लँकशरमधलं कार्नफर्थ हे आता तिचं घर, आणि सेटल ते कार्लाइल हा तिचा नेहमीचा रस्ता झाला. मी आत्याला 'पाहुणी' म्हणाले खरी, पण आयुष्यातली इतकी वर्षं एका गावात काढल्यावर माणूस पाहुणा किती उरतो, हे मला नीट सांगता येणार नाही.

इंग्रज माणूस इंजिनाला बाईमाणसासारखं बोलतो. आपल्याकडे इंजिन म्हणजे 'ते'. पण आत्याने तिला गाडी म्हटलं, आणि बोट तर आपली कायमचीच 'ती'. म्हणून मीही तिला तीच म्हणते.

आपल्या मुलखाबाहेर गेलेल्या इंजिनांच्या गोष्टी मला या देशात आल्यापासून ओढ लावतात. त्यातली सर्वांत लाडकी १९२५ ची. त्याच्या आदल्या वर्षी वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपलं कॅरफिली कॅसल उभं केलं होतं, ब्रिटनमधलं सर्वांत ताकदवान प्रवासी इंजिन अशी पाटी लावून. आणि त्याच्या शेजारीच उभं होतं त्याहून दांडगं दिसणारं, लंडन आणि ईशान्येच्या एलएनईआरचं फ्लाइंग स्कॉट्समन. त्या पाटीवरून चर्चा पेटली. मग दोन्ही कंपन्यांनी एकमेकांची इंजिनं एकमेकांच्या मार्गावर चालवून बघायचं ठरवलं. एलएनईआरचं व्हिक्टर वाइल्ड पॅडिंग्टनहून प्लिमथकडे, आणि ग्रेट वेस्टर्नचं पेंडेनिस कॅसल किंग्ज क्रॉसहून डोंकास्टर, लीड्सकडे. किंग्ज क्रॉस सोडलं की लगेच बोगदे आणि चढ. तिथली माणसं घसरण बघायलाच फलाटाच्या टोकाशी जमली होती म्हणतात. हे छोटंसं, हिरवं-पितळी इंजिन सोळा डबे घेऊन त्या ओल्या, काजळलेल्या चढावर चाकं गरागरा फिरवत बसणार अशी त्यांची खात्री. ते घसरलं नाही. सहा मिनिटांच्या आत फिन्सबरी पार्क. आणि कोळसाही यजमानांच्या इंजिनापेक्षा कमी.

तिकडे व्हिक्टर वाइल्डने प्लिमथची वेळ पाळली, पण डेव्हनच्या वळणावळणाच्या चढांवर त्याची दमछाक झाली. वेल्सचा मऊ कोळसा जाड थर रचून, निवांत जाळायचा असतो. यॉर्कशरच्या कडक कोळशावर वाढलेल्या फायरमनचे हात पातळ, लखलखीत आगीला सरावलेले. एकाच फावड्याने दोन वेगळी कामं. मला या गोष्टीतलं सर्वांत आवडतं ते पुढचं. एलएनईआरचे मुख्य अभियंते नायजेल ग्रेझ्ली यांनी हार मनाला लावून घेतली नाही, डोक्याला लावून घेतली. कॅसलच्या झडपा लांबवर सरकत होत्या, त्यामुळे वाफ थोडी घ्यायची आणि तिला सिलिंडरमध्ये पुरेपूर पसरू द्यायची अशी सोय होती. बॉयलरचा दाबही दर चौरस इंचाला २२५ पौंड, ग्रेझ्लींच्या इंजिनाचा १८०. पुढच्या काही वर्षांत ग्रेझ्लींची इंजिनं लांब चालीच्या झडपांची झाली, दाब वाढला, आणि तेच घराणं पुढे मॅलार्ड नावाच्या विक्रमी इंजिनापर्यंत पोहोचलं. परक्या मार्गावरून एक इंजिन आलं, महिनाभरही राहिलं नाही, आणि यजमानांच्या घरातली चूल बदलून गेलं.

१९४८ ची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि मला जास्त जवळची वाटते.

१ जानेवारी १९४८ ला ग्रेट वेस्टर्न, साउदर्न, एलएनईआर आणि एलएमएस या चारही मोठ्या रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज झाली. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चाचण्या चालल्या: कुठल्या घराण्यातलं इंजिन सगळ्या देशाला चालेल? युस्टन–कार्लाइल, किंग्ज क्रॉस–लीड्स, पॅडिंग्टन–प्लिमथ, वॉटर्लू–एक्सेटर. गाडीला डायनॅमोमीटरचा डबा जोडलेला; आत कागदाचं रीळ सरकतंय, ओढ किती, वेग किती, लेखणी नोंदवतेय, पाणी आणि कोळसा मोजला जातोय. कागदावर सगळं न्याय्य. पण एकेक गोष्ट बघायला लागलं की कळतं, परका रस्ता म्हणजे फक्त परके रूळ नव्हेत. ग्रेट वेस्टर्नचं किंग वर्गातलं इंजिन बाहेरच्या सिलिंडरांपाशी इतकं रुंद, की बाकीच्या मार्गांवर ते फलाटांच्या कडांना घासलं असतं. १८९२ पर्यंत सात फुटी रूळ वागवणाऱ्या कंपनीच्या वास्तू ऐसपैस, म्हणून तिच्या इंजिनांनाही ऐसपैस अंगाची सवय. त्यामुळे किंगला घराबाहेर फक्त किंग्ज क्रॉस–लीड्सचा रस्ता मिळाला. त्यातही भर म्हणजे ग्रेट वेस्टर्नचा ड्रायव्हर उजव्या बाजूला उभा राहणारा, आणि तिकडचे सिग्नल डाव्या बाजूने बघायचे. पुढे पसरलेला लांबलचक बॉयलर, त्याच्या पलीकडे सिग्नलचा हात. शिवाय वेल्श कोळशाऐवजी यॉर्कशरचा कडक कोळसा. किंगची वाफ पुरेना, आकडे घसरले. पश्चिमेच्या लोकांना ते इतकं लागलं की त्यांनी त्याच वर्षअखेर स्वतःच्या मार्गावर, स्वतःच्या कोळशावर पुन्हा चाचणी घेतली. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पाण्याची गंमत वेगळीच. उत्तरेकडच्या आणि पश्चिमेच्या लांब पल्ल्याच्या मार्गांवर रुळांच्या मधोमध लोखंडी पन्हळी होत्या, पाण्याने काठोकाठ भरलेल्या. इंजिन भरधाव त्यावरून जाताना फायरमन टेंडरखालचं तोंड खाली सोडायचा आणि वेगानेच पाणी वर चढायचं. गाडी थांबवायची गरज नाही. साउदर्नकडे अशा पन्हळी नव्हत्याच. मग साउदर्नच्या इंजिनांना तिकडे पाठवताना त्यांचं स्वतःचं टेंडर सोडून एलएमएसचं तोंडवालं टेंडर जोडलं. आणि एलएमएसचं सिटी ऑफ ब्रॅडफर्ड वॉटर्लूला आलं तेव्हा त्याच्यामागे जास्त पाणी मावणारं लष्करी टेंडर. त्या काळातले फोटो बघा, राजेशाही इंजिन पुढे आणि मागे दुसऱ्याच कुणाचं सामान. ते फोटो मला नेहमी हलवून जातात. परदेशी पहिल्या हिवाळ्यात मी कुणीतरी दिलेला कोट घालून वावरत होते. बाह्या लांब, पण ऊब खरी.

निकाल सांगायचा तर, ओढकामाच्या प्रत्येक अश्वशक्ती-तासामागे ग्रेझ्लींच्या ए-फोर इंजिनांनी सरासरी ३.०६ पौंड कोळसा जाळला, मर्चंट नेव्हींनी ३.६०. तक्त्यात ए-फोर पहिली. पण हीच ए-फोर इंजिनं चाचण्यांमध्ये वाटेत बिघडली, मॅलार्डसुद्धा वॉटर्लू–एक्सेटर मार्गावर. तोच मॅलार्ड, ज्याने ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल गाठून वाफेच्या इंजिनांचा जगातला विक्रम केला, आणि त्या दिवशीही मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग तापल्यामुळे पीटरबरोला उतरला. घराण्याचं जुनं दुखणं परक्या गावात उमळलं. तक्त्यात ते दिसत नाही. ज्याने त्यावर चालवलं, त्याला मात्र ते जन्मभर आठवलं असणार.

साउदर्नचे गडी मात्र कोळशाच्या हिशेबात फारसे अडकले नाहीत. साउदर्नचे अभियंते बूलिड यांची ही इंजिनं कोळसा खायची पण वाफ अशी करायची की संपता संपत नसे. लंडनच्या नाइन एल्म्स शेडचा ड्रायव्हर आणि फायरमन, त्याच कुळातलं धाकटं, येओव्हिल नावाचं इंजिन घेऊन स्कॉटलंडात गेले. पर्थ ते इन्व्हर्नेस. ड्रमॉक्टरचा माथा १,४८४ फुटांवर, ब्रिटनमधल्या मुख्य मार्गांतला सर्वांत उंच, पुढे स्लॉक्ट. बऱ्याच ठिकाणी एकपदरी रूळ, वारा, मोकळं रान, मैलोन्मैल घर नाही. लंडनच्या उपनगरांत वाढलेली ती दोन माणसं तिथे पोहोचली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? पण चालवली ती अशी, की हायलँडची माणसं अजून ती कहाणी सांगतात. वेळापत्रकाला चढावर मागे टाकलं. कोळसा ढीगभर गेला, आणि जाऊ दे गेला तर.

आणि इथेच आत्याचा प्रश्न येतो. त्या चाचण्यांत प्रत्येक इंजिनाबरोबर त्याचेच ड्रायव्हर-फायरमन जायचे, पण ते एकटे नसत. फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनातल्या ड्रायव्हर-फायरमनच्या जागेवर, आणखी एक माणूस उभा असे: त्या मार्गाचा स्थानिक ड्रायव्हर. इंजिनाला हात लावायचा नाही, फक्त वाट दाखवायची. पहिला आठवडा रस्ता शिकायचा, दुसऱ्या आठवड्यात मोजणी. रूळ वाट दाखवत नाहीत. रूळ फक्त नेतात. पुढच्या वळणावर वेग किती ठेवायचा, चढ कुठे सुरू होतो आणि कुठे फसवा सपाट वाटतो, बोगद्यातून बाहेर पडताच सिग्नल डाव्या हाताला आहे की उजव्या, झाडांखाली रूळ कुठे चिकट होतात, कुठल्या पुलाचा आवाज बदलला की वाफ बंद करायची, हे रुळांवर लिहिलेलं नसतं. आजही ब्रिटनमध्ये ड्रायव्हरने मार्ग शिकून, तो आपल्याला येतो म्हणून सही केल्याशिवाय त्याला त्या मार्गावर गाडी नेता येत नाही. ते लोक म्हणतात, मी या रस्त्याची सही केली आहे. आपल्याकडच्या ड्रायव्हरांनाही नव्या सेक्शनवर आधी रोड लर्निंगच्या फेऱ्या माराव्या लागतात. खंडाळ्याच्या घाटातला ३७ ला १ चा, म्हणजे ३७ फुटांमागे एक फुटाचा, चढ-उतार कुणी नकाशा बघून शिकत नाही. सेटल–कार्लाइलचा १०० ला १ त्यापुढे सौम्य वाटेल, पण तो सौम्य चढ मैलामागून मैल संपत नाही, रिबलहेडच्या चोवीस कमानींवर आडवा वारा असतो आणि ब्ली मोरचा बोगदा ओला असतो. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढून नुसतं "आता" म्हणायचं असतं.

लीड्सला मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर साठीला आलेली एक यॉर्कशरची बाई बसायची. तिने मला काही शिकवलं असं ती कधीच म्हणाली नाही. पण फोनवर कुणी तुटक बोललं की ती हळूच सांगायची, तो रागावलेला नाही, तो तसाच बोलतो. कुठल्या बैठकीत आधी बोलायचं आणि कुठे थांबायचं, 'नॉट बॅड' म्हणजे प्रत्यक्षात किती चांगलं, सोमवारी सकाळी कुणाला काही विचारायचं नाही. सहा महिन्यांनी वरच्या साहेबाने माझ्या कामाचा तक्ता काढला तेव्हा त्यात मी हळू ठरले होते. तक्त्यातला आकडा खोटा नव्हता. पण कुठल्या कोळशावर मी ते काम केलं, हे विचारायला त्यात रकाना नव्हता. त्या दिवशी त्या बाईने मला चहा करून दिला आणि म्हणाली, पुढच्या वर्षी बघ. पुढच्या वर्षी बघितलं. आता ती निवृत्त झाली आहे, आणि मी नव्या मुलांना सोमवार सकाळचं सांगते.

या देशाच्या रेल्वेची मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे परकं इंजिन दरवेळी परीक्षेसाठी येत नाही. कधी ते मदतीलाही येतं. २४ एप्रिल १९५३ ला क्रूकर्नला ३५०२० बिबी लाइनचा आस धावता धावता मोडला. नशिबाने प्राणहानी टळली, पण तिची सगळी भावंडं एकदम तपासणीसाठी बाजूला काढावी लागली. वॉटर्लूच्या गाड्या ओढायच्या कुणी? मग शेजारच्या प्रांतांतून इंजिनं आली. पूर्वेची व्ही-टू, नवी ब्रिटानिया, मिळेल ती. पाच वर्षांपूर्वी जी मोजायला आली होती, त्यांच्याच भाऊबंदांनी आता खांदा दिला. आणि त्याच दक्षिणेत २००९ च्या डिसेंबरात, बर्फाने गाड्यांना वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळावरची वीज अडली आणि केंटच्या लोकल बंद पडल्या, तेव्हा लंडनच्या व्हिक्टोरियाहून एका वाफेच्या गाडीने अडकलेले शंभरएक प्रवासी घरी पोहोचवले. इंजिन होतं टॉर्नेडो, २००८ साली डार्लिंग्टनला नव्याने बांधून पूर्ण केलेलं, मूळ आराखडा किंग्ज क्रॉसहून उत्तरेला धावण्यासाठीचा. काळोख, बर्फ, गार पडलेले पाय, आणि फलाटावर धुराचा लोट सोडत उभं असलेलं ते हिरवं इंजिन. त्या शंभर जणांचा मला हेवा वाटतो.

पेंडेनिस कॅसलचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते, कारण मला ते कुणाला ना कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२५ च्या वेम्बलीच्या दुसऱ्या हंगामात ते फ्लाइंग स्कॉट्समनशेजारी उभं होतं. १९७७ साली ते विकलं गेलं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बरात, लोहखनिजाच्या लाल धुळीत जाऊन पोहोचलं. १९८९ साली फ्लाइंग स्कॉट्समन ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होतं. दोघांची पुन्हा गाठ पडली, चौसष्ट वर्षांनी, पर्थमध्ये. स्कॉटलंडातलं पर्थ नव्हे, हिंदी महासागराच्या काठचं. २००० साली पेंडेनिस परत आलं आणि २०२२ मध्ये डिडकॉटला पुन्हा वाफेवर चढलं. इतका लांबचा फेरा मारून घरी आलेल्या वस्तूला घर ओळखत असेल का, असं वाटतं खरं. पण त्या तांब्याच्या कड्याच्या धुराड्याकडे बघितलं की ती शंका मनात टिकत नाही.

या पावसाळ्यात जयगडला गेले होते. आत्या आता नीट चालत नाही, पण पडवीत बसून सगळं बघते. आजोबांची नली तिने ट्रंकेतून काढून ठेवली होती. खलाशाचं ते नोंदीचं पुस्तक, कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रत्येक ओळीत बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, बंदर, आणि शेवटी शिक्क्यातली दोन इंग्रजी अक्षरं: व्ही. जी. म्हणजे व्हेरी गुड. ओळीमागून ओळ, सगळीकडे व्ही. जी. मी तिला ॲपलबीची ती जुनी चूक सांगितली. म्हटलं, आत्या, तू विचारलं होतंस ना हिला वाट कोण दाखवतो म्हणून. दाखवतो, एक माणूस असतो. इंजिनात उभा राहतो. काही हात लावत नाही, फक्त सांगतो.

आत्याने पापडाचं पीठ मळता मळता मान हलवली, जणू हे तिला केव्हाचं माहीत होतं. "बाबा सांगायचे ना. बसऱ्याच्या नदीच्या तोंडाशी बोट उभी राहायची. कप्तान साहेब असो नाहीतर कोण असो, तिकडचा माणूस वर चढल्याबिगर पुढे जायची नाही. दोरीची शिडी बाबाच सोडायचे त्याला. ओल्या हाताने वर घ्यायचे." मग पीठ बाजूला ठेवून तिने माझ्या फोनवरचा तो फोटो पुन्हा मागितला, दोन बोटांनी मोठा केला, फुलीवर पिठाचा ठसा उमटला, आणि तिने तो पदराने पुसायच्या आधी बराच वेळ तसाच राहू दिला.